डुकरांच्या खाद्यांतील औषध

नाताळाच्या दिवशीं डुकराचें मांस आवडीनें खाणारे, मांसास मुळींच न शिवणारे आणि डुक्कर हा शब्दही उच्चारण्याचें टाळणारे, असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी आमच्या शाळेंत एकाच बांकावर बसतात. म्हणून प्रस्तुत लेखाचा विषय पाहतांच कित्येक वाचक पान उलटूं लागतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांना एवढीच विनंति कीं, थोडा धीर धरावा. ज्या गोष्टीविषयीं येथें लिहावयाचें आहे ती डुकराच्या खाद्यांत सुरू होत असली, तरी तेथें संपत नाहीं. आणि ज्याच्या घरीं सात पिढ्यांत मांस शिजलें नाहीं, त्याचें तान्हें मूल आजारी पडलें असतां त्याच्या औषधाच्या बाटलीपर्यंत ती येऊन पोंचते.

डुकराच्या आंतड्यांत कांहीं जंतु स्वभावतःच वास करितात. त्यांपैकीं सॅल्मोनेला व ई. कोलाय हीं नांवें शास्त्राच्या वर्गांत कानांवर पडलेलीं असतील. जनावर कापतांना आंतड्यांतील घाण थोडीशी जरी मांसास लागली, तरी हे जंतु मांसाबरोबर बाजारांत, बाजारांतून स्वयंपाकघरांत आणि तेथून, मांस कच्चें राहिलें किंवा त्याच सुरीनें काकडी चिरली गेली तर, माणसाच्या पोटांत जातात. जुलाब, ओकाऱ्या व ताप इतक्यावर बहुधा निभावतें; प्रकृति धडधाकट असल्यास मनुष्य चार-सहा दिवसांत औषधावांचूनही बरा होतो. परंतु लहान मूल, वृद्ध मनुष्य किंवा आधींच रोगानें खंगलेला मनुष्य यांच्या बाबतींत हे जंतु कधीं कधीं रक्तांत शिरतात, आणि मग ज्यांस इंग्रजींत अँटिबायॉटिक व मराठींत प्रतिजैविक म्हणतात त्या औषधांखेरीज गत्यंतर उरत नाहीं. येथवर सारें जुनेंच आहे. नवें आहे तें असें कीं, त्या औषधांस हे जंतु आतां जुमानीनासे झाले आहेत; आणि आमच्या मतें यास जंतूंच्या चिवटपणापेक्षां मनुष्याचा हिशेबी लोभ अधिक कारण झाला आहे.

पेनिसिलिनचा शोध लावणारे सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं ११ डिसेंबर १९४५ रोजीं नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं जें व्याख्यान दिलें, त्याच्या अखेरीस एक कल्पित गोष्ट सांगितली आहे. एका गृहस्थाचा घसा दुखूं लागतो. तो पेनिसिलिन विकत आणतो, परंतु जंतु मरतील इतकें न घेतां त्यांना केवळ तालीम मिळेल इतकेंच घेतो. पुढें त्याच्यापासून त्याच्या पत्नीस तेच जंतु लागून न्यूमोनिया होतो. तिलाही पेनिसिलिन देण्यांत येतें, पण गुण येत नाहीं आणि ती मरण पावते. या मृत्यूस जबाबदार कोण, असा प्रश्न करून फ्लेमिंग यांनीं पतीकडे बोट दाखविलें आहे. अपुऱ्या मात्रेनें दुबळे जंतु तेवढे मरतात, चिवट तेवढे मागें राहतात, आणि पुढची सारी प्रजा त्या चिवटांचीच होते. खुद्द शोधकानें हें तत्त्व इतक्या स्पष्टपणें सांगून ठेविलें असतां, त्यानंतर पांच वर्षांच्या आंत मनुष्यानें नेमका तोच प्रकार जनावरांवर, आणि तोही जाणूनबुजून, सुरू केला.

झालें असें. अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या खाद्याविषयीं प्रयोग करीत होते. ऑरिओमायसीन नांवाचें औषध काढून घेतल्यावर उरणारा चोथा खाद्यांत मिसळला असतां पिलें झपाट्यानें वाढतात, असें त्यांना दिसून आलें. डुकरांच्या पिलांवरही तोच परिणाम आढळला, आणि १९५० मध्यें ही वार्ता जगजाहीर झाली. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें, मांस महाग होतें, आणि चिमूटभर औषधानें मणभर खाद्य वांचत असेल तर कोणता व्यापारी नको म्हणेल? त्या शास्त्रज्ञांस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु जें औषध वैद्यानें रोग्याची नाडी पाहून द्यावयाचें, तें तेव्हांपासून पोत्यांतून, वजनावर, निरोगी जनावरांस मिळूं लागलें. शेंकडों डुकरें एका छपराखालीं दाटीवाटीनें कोंडावयाचीं, पिलें आईपासून लौकर तोडावयाचीं, आणि या दाटीमुळें व घाईमुळें जो रोग होणारच तो होऊं नये म्हणून रोजच्या खाद्यांतून थोडें थोडें औषध चारावयाचें, असा धंद्याचा एक नवाच प्रकार त्यांतून वाढीस लागला. येथें औषध रोगावर दिलें जात नाहीं. जागा, हवा, स्वच्छता व मजुरी यांत जी काटकसर केली तिच्या भरपाईदाखल तें दिलें जातें. आमचा मुख्य आक्षेप यावर आहे.

यावर कोणी म्हणेल, डुकराचे जंतु चिवट झाले तर डुकरें मरतील. माणसाच्या दुखण्याशीं त्याचा काय संबंध? या शंकेचें उत्तर जपानांत मिळालें. तेथें आमांशाच्या रोग्यांत अनेक औषधांस एकदम दाद न देणारे जंतु सांपडूं लागले, तेव्हां ओचिआई व आकिबा या संशोधकांनीं १९५९ मध्यें दाखवून दिलें कीं, हा चिवटपणा एक जंतु दुसऱ्या जंतूस, मग तो भिन्न जातीचा कां असेना, हातोहात देऊं शकतो. परीक्षेच्या वेळीं एका विद्यार्थ्यानें उत्तराची चिठ्ठी शेजारच्या बांकावर सरकवावी, आणि शेजारी दुसऱ्या शाळेचा असला तरी त्याचें काम व्हावें, तसाच हा प्रकार आहे. या चिठ्ठीस शास्त्रज्ञ प्लाझ्मिड म्हणतात. एकाच चिठ्ठीवर चार-पांच प्रश्नांचीं उत्तरें लिहिलेलीं असूं शकतात, म्हणजे एकाच देण्याघेण्यांत जंतु चार-पांच औषधांविरुद्ध शहाणा होतो. डुकराच्या आंतड्यांतील निरुपद्रवी जंतूनें ही चिठ्ठी माणसाच्या घातक जंतूस दिली, कीं डुक्कर आणि मनुष्य यांच्यामधील कुंपण पडलेंच म्हणावयाचें.

इंग्लंडांत या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या स्वान समितीनें १९६९ मध्यें आपला अहवाल दिला आणि, जीं औषधें माणसांच्या रोगांवर लागतात तीं जनावरांच्या वाढीसाठीं खाद्यांत घालूं नयेत, असें स्वच्छ सांगितलें. सल्ला उत्तम होता. पण 'वाढीसाठीं' या एका शब्दांतून पळवाट निघाली. तेंच औषध, त्याच छपराखालीं, त्याच डुकरांस 'रोगप्रतिबंधासाठीं' म्हणून पशुवैद्याच्या चिठ्ठीवर देतां येई. पोत्यावरील चिठ्ठी बदलली, पोतें तेंच राहिलें. ज्या नियमांत हेतूचें नांव बदलल्यानें कृति निर्दोष ठरते, तो नियम करूनही उपयोग थोडा, असें आम्हांस वाटतें.

डेन्मार्क या चिमुकल्या देशांत दरसाल लोकसंख्येच्या कित्येक पट डुकरें पोसलीं जातात, आणि डुकराचें मांस परदेशीं पाठविणें हा तेथील एक मोठा धंदा आहे. १९९८ मध्यें तेथें पांच औषधांस दाद न देणाऱ्या सॅल्मोनेलाची साथ उद्भवली. २५ रोगी प्रयोगशाळेच्या तपासणीनें निश्चित झाले. त्यांपैकीं ११ जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें व २ मरण पावले. माग काढीत काढीत तपास एका डॅनिश डुकरांच्या कळपापर्यंत जाऊन पोंचला. अशा आजारांत डॉक्टरांची ज्या औषधांवर विशेष भिस्त असते, त्या फ्लोरोक्विनोलोन वर्गांतील औषधांचाही गुण कमी येत होता, ही गोष्ट सर्वांस अधिक हादरविणारी ठरली. संख्येनें ही साथ लहान होती. पण रोगी, मांस, कत्तलखाना आणि कळप ही सांखळी कडीस कडी जुळवून येथें दाखवितां आली, 'पुरावा काय?' असें विचारणाऱ्यांस त्यानंतर बोलावयास फारशी जागा उरली नाहीं.

डॅनिश लोकांनीं पुढें जें केलें तें आमच्या मतें अनुकरणीय आहे. पशुवैद्यानेंच औषध लिहून द्यावयाचें आणि त्यानेंच तें विकून नफा मिळवावयाचा, ही पद्धत त्यांनीं १९९५ च्या सुमारास कायद्यानें आवळली; लिहिणारा व विकणारा यांची खिसे-भागीदारी तुटतांच औषध लिहिण्याची हौसही कमी झाली. वाढीसाठीं औषध चारणें मोठ्या डुकरांच्या बाबतींत १९९८ मध्यें व पिलांच्या बाबतींत १९९९ च्या अखेरीस थांबलें. २०१० पासून जो शेतकरी ठरलेल्या प्रमाणाबाहेर औषध वापरील त्यास सरकारकडून, फुटबॉलच्या पंचाप्रमाणें, 'पिवळें कार्ड' मिळूं लागलें. धंदा बुडेल, अशी हाकाटी अर्थातच झाली होती. प्रत्यक्षांत १९९२ ते २००८ या काळांत दर किलो मांसामागें वापरलेलें औषध निम्म्यावर आलें, आणि वर्षाकांठीं तयार होणाऱ्या डुकरांची संख्या सुमारें १ कोटी ८४ लाखांवरून २ कोटी ७१ लाखांवर गेली. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, सारें सुरळीत झालें नाहीं. आईपासून तोडलेल्या पिलांत जुलाब वाढले व कांहीं काळ त्यांच्यावर उपचारासाठीं अधिक औषध लागलें. आणि मेथिसिलीनला दाद न देणारा एक त्वचाजंतु अद्यापही तेथील बहुतेक कळपांत ठाण मांडून आहे.

या त्वचाजंतूची कथा विलक्षण आहे, म्हणून थोडें विषयांतर करितों. तो मूळचा माणसाच्या अंगावरचा. तेथें असतां तो औषधांस वश होता. तो डुकरांत गेला, औषध खाऊन खाऊन तेथें निर्ढावला, आणि निर्ढावल्यावर पुन्हां गोठ्यांत काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर परतला, असें २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसतें. शुभवर्तमानांत गदरेकरांच्या मुलुखांतील दुरात्मे माणसांतून निघून डुकरांच्या कळपांत शिरले व तो कळप समुद्रांत बुडून मेला, अशी कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं बायबलच्या तासास ऐकिली आहे. येथें कळप बुडाला नाहीं. आणि जे आंत शिरले तेच अधिक बलवान होऊन माघारीं आले.

आतां सर्वांत गंभीर प्रकरणाकडे वळूं. कोलिस्टीन हें जपानांत सांपडलेलें जुनें औषध. मूत्रपिंडास तें अपाय करितें म्हणून १९७० नंतर डॉक्टरांनीं तें बहुतेक बाजूस ठेविलें. पुढें इतर औषधें एकामागून एक निष्फळ ठरूं लागलीं, तेव्हां रक्तांत विष भिनलेल्या अत्यवस्थ रोग्यासाठीं, आणि नुकत्याच जन्मलेल्या बालकासाठींसुद्धां, अखेरचा उपाय म्हणून हें नावडतें औषध कपाटांतून पुन्हां बाहेर काढावें लागलें. पण दरम्यानच्या काळांत पशुपालनाच्या धंद्यानें तें उचललें होतें. स्वस्त, आणि माणसांच्या डॉक्टरांस नकोसें; मग हरकत कोणाची? चीनमध्यें तर तें टनांनीं डुकरांच्या खाद्यांत जात होतें.

जुलै १९१३ नव्हे, शंभर वर्षांनंतरचा जुलै २०१३. म्हणजे जंतु ही काय चीज आहे हें जगास पुरतें ठाऊक असतां. शांघाय येथील एका मोठ्या डुक्करपालन केंद्रांत कोलिस्टीनला न जुमानणारा ई. कोलाय जंतु सांपडला, आणि त्याचा हा गुण दुसऱ्या जंतूस देतां येतो असें दिसून आलें. तोंपर्यंत कोलिस्टीनच्या बाबतींत अशी चिठ्ठी फिरत असल्याचें कोणास ठाऊक नव्हतें. चिनी शास्त्रज्ञांनीं २०११ ते २०१४ मधील नमुने तपासले, तेव्हां कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकीं ७८ मध्यें, ८०४ जनावरांपैकीं १६६ मध्यें आणि रुग्णालयांतील १३२२ रोग्यांपैकीं १६ जणांत ती आढळली. प्रमाण पाहा: जनावरांत शेंकडा २१, मांसांत १५, रोग्यांत १. पाणी कोणत्या दिशेनें वाहत होतें हें सांगावयास गणिताचा शिक्षक नको. नोव्हेंबर २०१५ मध्यें हें संशोधन प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं डॅनिश शास्त्रज्ञांनीं आपल्या संग्रहांतील जुने जंतु चाळून पाहिले, तों एका रोग्याच्या रक्तांत आणि परदेशाहून आलेल्या कोंबडीच्या मांसांत तीच चिठ्ठी त्यांना सांपडली.

मात्र या प्रकरणाचा उत्तरार्ध आशादायक आहे, आणि तो पुरेशा लोकांच्या कानांवर गेलेला नाहीं म्हणून आम्ही तो मुद्दाम लिहितों. चीन सरकारनें वाढीसाठीं कोलिस्टीन चारण्यास एप्रिल २०१७ च्या अखेरपासून बंदी केली. २०१५ मध्यें तेथें सुमारें २७ हजार टन कोलिस्टीन तयार होत असे. २०१८ मध्यें तें अडीच हजार टनांवर आलें. डुकरांपासून मिळालेल्या ई. कोलाय जंतूंत कोलिस्टीनला दाद न देणाऱ्यांचें प्रमाण बंदीपूर्वीं शेंकडा ३४ होतें, तें बंदीनंतर ५ वर उतरलें. निरोगी माणसांच्या पोटांतही ती चिठ्ठी बाळगणारे जंतु निम्म्याहून कमी लोकांत आढळूं लागले. जंतु एकदां शिकला कीं कायमचा शिकला, आतां कांहीं करून उपयोग नाहीं, असें निराशेचें तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांस हे आंकडे दाखवावे. शिकलेली विद्या वापरण्याचा प्रसंगच आला नाहीं तर ती जंतूसही जड होते; ओझें टाकणारे त्यांच्या पुढें निघून जातात.

अनेक सज्जन अशा वेळीं गृहिणीस उपदेश करितात: मांस नीट शिजवा. उपदेश खरा आहे. मांसाचा आंतला भाग ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापला कीं हे जंतु मरतात, मग ते औषधाविरुद्ध कितीही चिवट असोत. अग्नीपुढें त्यांची विद्या चालत नाहीं. आमच्या गोंवेकर विद्यार्थ्यांच्या घरीं सोरपोतेल उकळून उकळून शिजतें, चोरीस सिरका, मीठ व मिरची यांत मुरवून मग तव्यावर चढतें. त्यांत भिण्याचें कारण नाहीं. कच्च्या मांसाची पाटी व सुरी निराळी ठेवावी, हात धुवावे, हेंही योग्यच. परंतु सारा भार चुलीपाशीं बसलेल्या बाईवर टाकून मोकळें होणें हा अन्याय आहे. डुकरांच्या गोठ्यांतील शेण शेतांत जातें, सांडपाणी ओढ्यास मिळतें, गोठ्यांत राबणारा मजूर संध्याकाळीं आपल्या लेंकरांस उचलून घेतो. या वाटा चुलीवरून जात नाहींत. कोशिंबिरीच्या पानांतून, विहिरीच्या पाण्यांतून, रुग्णालयांतील शेजारच्या खाटेवरून जो जंतु येतो, तो आपण काय खातों हें विचारून येत नाहीं. जगांत २०१९ या एका वर्षांत औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. त्यांतील किती डुकरांमुळें हें वेगळें काढतां येत नाहीं. माणसांनीं माणसांस उगाच दिलेल्या औषधांचा त्यांत मोठा भाग आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

आपल्या देशांत डुकरें थोडीं. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें तीं सुमारें ९० लाख असून सर्वांत अधिक आसामांत आहेत. पण औषध चारण्याची युक्ति डुकरापुरती थोडीच राहते? कोंबड्यांच्या व मासळीच्या धंद्यांत ती आपल्याकडेही आली. जुलै २०१९ मध्यें भारत सरकारनें अन्नासाठीं पाळलेलीं जनावरें, कोंबड्या, मत्स्यशेती व पशुखाद्य यांसाठीं कोलिस्टीनचें उत्पादन, विक्री व वांटप यांवर बंदी घातली. हें पाऊल योग्य पडलें. तथापि एका औषधाची बंदी म्हणजे एक भोंक बुजविणें होय. युरोपीय संघानें २८ जानेवारी २०२२ पासून निरोगी जनावरांच्या कळपांस नित्य नियमानें औषध देणेंच निषिद्ध ठरविलें; स्वान समितीच्या काळची ती पळवाट तेथें त्रेपन्न वर्षांनीं बंद झाली. आपणांस इतकीं वर्षें घालविणें परवडणार नाहीं.

१९५४ मध्यें पुण्याजवळ पिंपरी येथें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, तो गरिबाच्या मुलास औषध मिळावें म्हणून. औषध दुर्मिळ होतें तेव्हां त्याची किंमत सर्वांस कळत होती. आज जनावराचें औषध मागणाऱ्यास खेडोपाडीं कोणी चिठ्ठीही विचारीत नाहीं. दुकानदारच वैद्य होतो आणि जितकें अधिक खपवील तितका त्याचा लाभ. प्रथम हें थांबलें पाहिजे. मागणी कांहीं मोठी नाहीं: पशुवैद्याच्या चिठ्ठीवांचून विक्री नको, चिठ्ठी लिहिणाऱ्यास विक्रींत वांटा नको, आणि कोणत्या जिल्ह्यांत कोणत्या जनावरांस किती औषध गेलें याची नोंद ठेवून ती लोकांपुढें मांडावी. डेन्मार्कांत ही मोजणी १९९५ पासून अखंड चालू असून तिचा अहवाल दरवर्षीं छापून प्रसिद्ध होतो, आणि तो कोणासही वाचावयास मिळतो.